समाजांत राहण्याचा हक्क

बंदिवानाला आपल्या शिक्षेची मुदत ठाऊक असते. रोग्याला प्रकृति सुधारली कीं घरीं जाण्याची आशा असते. परंतु ज्याच्यावर कसलाहि आरोप नाहीं, आणि ज्याला रुग्णालयाची गरज उरली नाहीं असें खुद्द वैद्यच सांगतात, अशा माणसास तेथेंच ठेवलें तर त्यानें दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेंतील जॉर्जिया राज्याच्या दोन स्त्रियांनीं हा प्रश्न न्यायालयापुढें नेला.

लोइस कर्टिस व इलेन विल्सन या त्या दोघी. दोघींचीहि बौद्धिक वाढ अपुरी होती, आणि त्यांत मानसिक आजाराची भर पडली होती. कर्टिसबाई १९९२ सालीं अॅटलांटा येथील सरकारी मनोरुग्णालयांत दाखल झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांची प्रकृति स्थिरावली. योग्य साहाय्य मिळाल्यास त्या बाहेर राहूं शकतील, असें उपचार करणाऱ्यांनींच ठरविलें. तरीहि त्यांची सुटका झाली ती १९९६ च्या फेब्रुवारींत. गरिबांना कायद्याचें साहाय्य देणाऱ्या तेथील संस्थेंत स्यू जेमिसन या वकील होत्या. त्यांना वारंवार दूरध्वनि करून कर्टिसबाई एकच गोष्ट विचारीत: येथून बाहेर केव्हां पडावयास मिळेल? १९९५ च्या मे महिन्यांत दावा दाखल झाला. विल्सनबाई मागाहून त्यांत सामील झाल्या.

दाव्याला आधार होता १९९० च्या अपंगविषयक कायद्याचा. सार्वजनिक सेवा देतांना अपंगत्वावरून भेदभाव करूं नये, असें तो सांगतो. राज्याचें म्हणणें असें कीं, येथें भेदभाव नाहीं, पैशाची अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ जून १९९९ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला. न्यायमूर्ति रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राचा आशय असा कीं, माणसास निष्कारण संस्थेंत वेगळें ठेवणें हाच भेदभाव होय. त्यामुळें हीं माणसें समाजांत राहण्यास अपात्र आहेत हा समज दृढ होतो; शिवाय कुटुंब, स्नेही, काम व शिक्षण यांस तीं मुकतात.

या हक्कास मर्यादा आहेत. तज्ज्ञांचें मत अनुकूल हवें, त्या व्यक्तीचा विरोध नसावा, आणि इतर गरजूंचा विचार करून राज्याच्या साधनांत ती सोय बसावी. प्रतीक्षायादीहि चालेल, परंतु ती वाजवी गतीनें पुढें सरकली पाहिजे. खरी कसोटी येथेंच लागते. राहण्यास घर, हाताशीं मदतनीस आणि औषधपाण्याची सोय यांसाठीं पैसा मंजूर झाला नाहीं, तर न्यायालयानें उघडलेलें दार कागदावरच उघडें राहतें. म्हणून अशा वकिलांचें काम निकालाबरोबर संपत नाहीं.

विल्सनबाई २००४ सालीं वारल्या. कर्टिसबाई चित्रकार म्हणून नांवारूपास आल्या. २०११ सालीं त्यांनीं आपलें एक चित्र राष्ट्राध्यक्ष ओबामा यांस भेट दिलें. २०२२ सालीं त्यांचेंहि निधन झालें. परंतु जेथें जेथें अशी यादी आहे, तेथें तीवरील प्रत्येक माणसाचा प्रश्न आजहि तोच आहे: बाहेर केव्हां पडावयास मिळेल?