वाळ्यांचे पैसे

आज बचत, हप्ता, बँकेचं कर्ज यातलं काही बोलणार नाही. आमच्या गटातल्या एका ताईच्या बाळाबद्दल बोलायचंय. तिला विचारूनच बोलतेय. "नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा," म्हणाली.

बाळ अडीच महिन्यांचं होतं. दूध ओढता ओढता मध्येच थांबायचं, कपाळ घामानं डबडबायचं, मग थकून झोपायचं. वजन वाढेना. घरात कुणी म्हणालं दृष्ट लागली. एका दवाखान्यात सर्दीचं औषध मिळालं. आशाताईंनी मात्र पदर बाजूला करून बाळाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजला आणि सांगितलं, हृदयाचा दोष असेल, उद्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.

उद्याच कसं नेणार? गाडीभाडं, दोन माणसांचं खाणंपिणं, बुडणारी मजुरी. कांद्याचे पैसे आठवड्यानं यायचे होते, तोवर थांबू असं ठरलं. पाचव्या दिवशी पहाटे बाळ गेलं.

त्या दिवशी गटाच्या खात्यात 14,000 रुपये होते. ताई मागायला आली नाही. तिचे दोन हप्ते थकले होते, आणि त्याच महिन्याच्या बैठकीत थकबाकीदारांची नावं मी वाचून दाखवली होती. मोठ्यानं. नियमित परतफेड पंचसूत्रीत आहे, मीच ती गावोगाव शिकवते. पण तिनं "कोणत्या तोंडानं मागू?" म्हणून पाऊल मागं घेतलं, हे मला नंतर कळलं. ते माझ्या मनातून जात नाही.

बाळाला वर्ष झालं असतं त्या दिवशी ताई बैठकीला आली. पदराच्या गाठीत चांदीचे वाळे होते, मामानं बारशाला घातलेले. म्हणाली, "घरात ठेवले की रोज उघडून बघते. विका, आणि कुणाच्या लेकराच्या गाडीभाड्याला लावा." आम्ही नको नको म्हणालो. ती ऐकेना. सराफाकडं 1,900 रुपये आले.

मग बाकीच्या बायका लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटलं नाही, ते पैसे पेटीत टाकले. (एक काकू रुसल्या, प्लास्टिकचा डबा मिळाला नाही म्हणून. नंतर त्यांनीच 200 दिले.) उन्हाळ्यात शेवया-कुरडया करून विकल्या. आता पेटीत 11,000 च्या वर आहेत. खरा वाद झाला तो नियमावरून. काहीजणी म्हणाल्या, बिनव्याजी द्या पण परत घ्या. शेवटी ठरलं की परत मागायचे नाहीत, आणि मागणारीची थकबाकी बघायची नाही.

आता तुम्ही विचाराल, ऑपरेशनला लाखो लागतात, 11,000 नी काय होणार? तर बायांनो, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं सरकारी योजनांतून मोफत होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. शिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला एका पिशवीत तयार ठेवा. आपली माणसं अडतात ती त्याआधी, पहिल्या तपासणीच्या एस.टी.पाशी.

शंभरातल्या साधारण एका बाळाला जन्मतः हृदयाचा दोष असतो. सगळे दोष जिवावरचे नसतात, काही छिद्रं आपोआप बुजतातही. पण ते इको तपासणी करूनच कळतं. पिताना घाम येणं, धाप लागणं, वजन न वाढणं दिसलं तर आशाताईंना बोलवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ-जीभ निळी पडली तर 108 ला फोन करा, ती गाडी फुकट येते. आणि कोरोनातलं मोठ्यांचं बोटाचं यंत्र तान्ह्या बाळाला लावून निर्धास्त होऊ नका. बाळाच्या पायाला गुंडाळायचा सेन्सर वेगळा असतो, तो सिस्टरच लावतील.

आतापर्यंत दोन बाळांना पैसे दिले. एकाचं छिद्र बारीक निघालं, दर तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. दुसरीचं ऑपरेशन झालं. परवा ती आईच्या कडेवरून बैठकीला आली आणि हिशोबाची वही ओढून फाडायला निघाली.

पेटी ग्रामसंघाच्या खोलीत आहे आणि किल्ली ताईकडं. रात्री-अपरात्री दार वाजवलं तरी ती उठते.