शेतावरच्या स्टोव्हसाठी योग्य इंधन



रब्बीत रात्री पाणी द्यायला किंवा राखणीला शेतावर मुक्काम पडतो. चहासाठी सोबत लहान स्टोव्ह असतो आणि जवळच फवारणी पंपाच्या पेट्रोलचा कॅन. रॉकेल संपले की हात त्या कॅनकडे जातो. तो आवरा.

रॉकेल साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावरच त्याची वाफ पेट घेते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखालच्या तापमानातही पेटते. म्हणून रॉकेलच्या स्टोव्हमध्ये थोडे जरी पेट्रोल मिसळले, तरी भडका उडू शकतो. डिझेलही घालू नये. त्याने काजळी धरते व निपल तुंबते.

रॉकेल मिळत नसेल तर ५ किलोचा गॅस सिलिंडर व त्याला बसणारी शेगडी न्यावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यामुळे बंदिस्त खोपीत किंवा पाचटाजवळ शेगडी पेटवू नये. रॉकेलचा स्टोव्ह विझवून, थंड झाल्यावरच भरावा.

शेवटी एक सोपी गोष्ट. पेट्रोलच्या कॅनच्या गळ्याला आजच सुतळी बांधा. अंधारात डोळ्यांना दिसले नाही, तरी हाताला कळेल.