उत्तर कागदावरच कशाला?



झाशीत मराठीतून बोलायला उभं राहिलं की नेवाळकरांच्या गादीपासून सुरुवात करायची रीत आहे. आज ती मोडतो आणि थेट ‘भेल’ या सरकारी कंपनीच्या कारखान्यावर येतो. १९७४ पासून तो इथं आहे, ट्रान्सफॉर्मर बनवतो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. का गुणगुणतो, हे कुणी विचारत नाही.

माझ्या ओळखीतल्या दहावीच्या एका मुलानं विचारलं. त्याला डिसग्राफिया आहे. डोक्यात उत्तर तयार असतं, पण हात साथ देत नाही. चार ओळींतच अक्षर ढेपाळतं, शब्द गळतात आणि वहीवर ठरलेला शेरा येतो, ‘अपूर्ण’. हा पठ्ठ्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाबाहेर मोबाइल धरून उभा राहिला. फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं केलेलं. त्यात आवाजाचा आलेख दिसतो. सुळका आला १०० हर्ट्झवर. आपली वीज तर ५० हर्ट्झची! मग दुप्पट कसं?

उत्तर त्यानं बोलूनच रेकॉर्ड केलं. लोखंडी गाभ्याची लांबी चुंबकत्वामुळे अगदी किंचित बदलते. प्रवाह इकडून तिकडे जावो की तिकडून इकडे, बदल तसाच होतो. म्हणून एका आवर्तनात गाभा दोनदा थरथरतो. मध्येच थांबून त्यानं टेबलावर टिचक्या मारल्या, “एक चक्कर, दोन ठोके.” दीड मिनिटाची फाइल. हाच प्रश्न कागदावर आला असता तर त्याला अर्धा गुण मिळाला असता की नाही, शंकाच आहे.

शाळेत मल्टिमीडिया म्हटलं की भिंतीवरचा स्मार्ट बोर्ड डोळ्यांपुढे येतो. बाई बटण दाबतात, हृदय धडधडतं, पोरं बघतात. वाईट काही नाही, पण त्यात समजावून सांगण्याचं काम कंपनीनं केलेलं असतं. मला ते काम मुलाकडे हवं आहे. स्वमग्न, एडीएचडी असलेल्या किंवा वाचन-लेखनाची अडचण असलेल्या मुलांना दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांचं ऐकून घेणारे कमी.

ऑस्ट्रेलियात वोलोंगाँग विद्यापीठाच्या गॅरी होबन यांनी ‘स्लोमेशन’ नावाची युक्ती रुजवली. मातीचे गोळे, कागदाचे कपटे थोडे थोडे सरकवायचे, प्रत्येक वेळी फोटो काढायचा आणि सेकंदाला २ फोटो या संथ गतीनं ते चालवायचे. अर्ध्या मिनिटाच्या फिल्मला ६० फोटो लागतात. आता चंद्राच्या कला घ्या. पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्राची कोर दिसते, असं शिकलेसवरलेले लोकही बिनदिक्कत सांगतात. कागदावर हे वाक्य खपून जातं. फिल्म करणाऱ्या मुलीला मात्र चंद्राचा गोळा अमावास्येपासून एकेक बोट पुढे सरकवावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपाशीच ती अडते, कारण कोर दिसायला हवी तेव्हा चंद्र अजून सूर्य म्हणून ठेवलेल्या दिव्याच्याच बाजूला आहे आणि पृथ्वी पार मागे. सावली पाडणार कुठून? मग ती मान वाकवून पृथ्वीच्या जागेवरून बघते आणि उजेड पडलेली कड तिला दिसते. ज्या मुलाचं चित्त दोन मिनिटं ठरत नाही, त्यालाही हे जमतं. प्रत्येक फोटो हे एक छोटं, पुरं झालेलं काम असतं आणि चूक झाली तर तोच फोटो पुसता येतो.

इथं थोडं बजावतो. ‘तारे जमीं पर’ २००७ साली आला. अमोल गुप्ते यांच्या त्या कथेनं घरोघरी डिस्लेक्सिया पोहोचवला, हे उपकारच. पण तेव्हापासून अशा प्रत्येक मुलात लपलेला चित्रकार शोधायची खोड आपल्याला लागली. सगळी स्वमग्न मुलं चित्रांतून विचार करत नाहीत. कुणाला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, कुणाला कॅमेऱ्यासमोर चेहरा नको असतो. फक्त हात दिसू द्या. आणि ते ढँणढँण पार्श्वसंगीत आधी बंद करा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून दाखवलंय की असली सजावट शिकण्यात अडथळाच आणते. ज्याचे कान आधीच हळवे आहेत, त्याचं काय होत असेल!

कायदा आपल्या बाजूनं बराच सरकला आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्र सरकारनं परीक्षेत सवलती दिल्या त्या १९९६ साली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता दोन्ही आहेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेच्या दर तासामागे किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलं. तरीही २०२१ मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘नीट’मध्ये हा जादा वेळ नाकारला गेला आणि तिला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला खडसावलं.

पण जादा वेळ घ्या, लेखनिक घ्या, शेवटी उमटायचं कागदावरच. ज्याला सांगता येतं, त्याला जादा तासभर लिहायला बसवणं ही सवलत मला अर्धीच वाटते. बोर्डाचा पेपर उद्या बदलणार नाही, हे कळतं. फट आहे ती दुसरीकडे. सीबीएसईच्या दहावीला विज्ञानाचे २० गुण शाळेच्या हातात असतात. त्यात पोर्टफोलिओ आहे, बहुविध मूल्यमापन आहे. इथल्या शाळांत त्याचा अर्थ बहुतेक वेळा चमकीचा कागद लावलेली फाइल असा होतो. त्या जागी दीड मिनिटाची ध्वनिफीत किंवा साठ फोटोंची फिल्म ठेवायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे? मला तरी दिसत नाही.

गुण कशाला द्यायचे, असं शिक्षक मला विचारतात. ‘म्हणून’ला द्या. मुलानं कारण आणि परिणाम जोडले का, आकडा कुठून आला ते सांगितलं का, एवढंच बघा. फिल्म हलली, आवाज फाटला, तरी चालेल. आणि पालकहो, रात्री जागून तुम्हीच एडिट करून दिलेली फाइल पहिल्या दहा सेकंदांत ओळखू येते.