शनिवारची दुपार



इंग्लंडात उत्तर-दक्षिणेची ईर्षा पाहायची तर फुटबॉलच्या मैदानावर पाहावी. तिचे मूळ शोधू लागलो की ते कामाच्या घड्याळापाशी सापडते. १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व मुले शनिवारी दुपारी दोनला सुटू लागली. त्यांच्यावाचून गिरणी चालेना. त्या मोकळ्या दुपारी लँकेशायरच्या गिरणगावांत हा खेळ रुजला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिकच्या कामगारांनी ईटनच्या साहेबांकडून एफ. ए. कप हिसकावला. १८८८ मध्ये फुटबॉल लीग निघाली. बारांपैकी सहा संघ लँकेशायरचे, लंडनचा एकही नाही. उत्तरेचा तोरा तिथला!

पण लंडनचे आर्सेनलही १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनीच काढले. जात तीच, गाव वेगळे.

एप्रिल २०२१ मध्ये लंडनच्या तीन आणि उत्तरेच्या तीन बड्या क्लबांचे मालक एक झाले आणि त्यांनी परदेशी क्लबांबरोबर स्वतंत्र सुपर लीग जाहीर केली. तेव्हा लीड्समध्येही प्रेक्षक रस्त्यावर आले, लंडनमध्येही आले. दोन दिवसांत साही क्लबांनी माघार घेतली.

मालकांची एकी एका बैठकीत होते. आपली व्हायला शंभर वर्षे का लागावीत?