हल्ल्याआधी टेहळणी

लेक-जावई लेस्टरला राहायला गेले, तेव्हा मीही तिथे होतो. जावयांना एक जुनी गाडी आवडली. स्वस्त, चकचकीत. म्हटलं, "जावईबापू, हल्ल्याआधी टेहळणी!"

ब्रिटनमध्ये 3 वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी 'एमओटी' तपासणी होते. गाडीचा नंबर टाकला, की 2005पासूनच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. या गाडीला लागोपाठ दोन वर्षं एकच शेरा होता: ब्रेकचे पाइप गंजलेत. मागच्या सीटवर माझी नात बसणार होती. गाडी सोडली.

आणखी एक. आधी विम्याचा भाव काढा. परदेशातून आलेल्याला तोच जड जातो. आधीच्या मालकाचा रोड टॅक्सही तुमच्या नावावर येत नाही, तो नव्याने भरावा लागतो.

महिनाभर बसने फिरलो, मग साधी छोटी गाडी घेतली. घाई करू नका. जय हिंद!