मातीचा गड आणि न दिसणारे सैन्य



दिवाळीत मुले अंगणात किल्ला उभारतात, हे आपणांस ठाऊकच आहे. दगड-विटांच्या राशीवर गोणपाट अंथरायचे, चिखलाने तट-बुरूज लिंपायचे, उतारावर अळीव पेरायचे आणि मातीची चित्रे मांडायची. असा एखादा थोरला प्रतापगड पाहताना नजर प्रथम शिखरावरील सिंहासनाकडे जाते. वास्तविक ती लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची, तर राज्याभिषेक १६७४ मधला. परंतु बालभक्ती ही पंधरा वर्षे सहज ओलांडते.

मला अधिक मोलाचे वाटते ते खालचे हिरवे अळीव. मुले ते शोभेसाठी पेरतात. पण जावळीचे अरण्य हेच त्या दिवशीचे मोठे शस्त्र होते. अफझलखानाची छावणी कोयनेच्या खोऱ्यात, पार गावाजवळ होती. मोकळ्या मैदानावरील त्याचे बळ त्या दाटीत निरुपयोगी ठरले. नेताजी पालकर, कान्होजी जेधे प्रभृतींच्या तुकड्या रानात दबा धरून होत्या; इशारत होताच त्या तुटून पडल्या. देखावा मांडणाऱ्याची अडचण येथेच आहे. हे मावळे मांडले, तर ते लपलेले राहत नाहीत. न मांडले, तर लढाईच उरत नाही. शिवाय मातीचा मावळा कधी घायाळ होत नाही, आणि त्याच्या घरी कोणी वाट पाहत नाही.

आपल्या गोवळकोंड्याचेही तसेच. टेकडी आणि तट मातीत उत्तम साधतील. औरंगजेबाचा वेढा सुमारे आठ महिने चालला. १६८७ मध्ये गड पडला तो आतून उघडलेल्या दरवाजाने. ती फितुरी कोणत्या चित्रात दाखवावी?

येथे या ग्रंथालयाचे प्रयोजन सुरू होते. हैदराबादेत वाढणारे मराठी मूल लिपी न शिकताही किल्ला करू शकेल. परंतु रानात कोण होते, ते का थांबले, हे विचारू लागताच त्याला सभासदाच्या बखरीपर्यंत यावे लागेल. आणि तेथे मराठी वाचता येणे अपरिहार्य आहे. म्हणून चालकांना माझी विनंती आहे की, दरवर्षी दिवाळीत येथे मुलांकडून एक किल्ला करवून घ्यावा, शेजारी त्या लढाईची पुस्तके ठेवावीत, आणि एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाने जवळ बसून ती वाचून दाखवावीत.