आमच्या सिस्टरबाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला बोलायला उभे केले आहे खरे, पण भाषणाची मला सवय नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारातली बाई. विसरू नये म्हणून वाणसामानाच्या यादीमागे चार ओळी लिहून आणल्या आहेत. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या श्रावणात आपल्या सिस्टरबाई गेल्या. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे; पण सगळी पेठ त्यांना सिस्टरबाईच म्हणे. तेव्हा मीही तेच नाव घेते.

मी १९९९ साली लग्न होऊन ह्या वाड्यात आले. त्यांच्या आमच्या घरात एकच भिंत. त्या तेव्हा पन्नाशीच्या. सरकारी दवाखान्यात नोकरी. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "आपल्या वाड्याला दोन घड्याळं. एक गिरणीचा भोंगा, तो बंद पडला. दुसरं सिस्टरबाई, ते चालू आहे."

काका गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा लेक आणि लेकरू दोघे शाळेत. मग सिस्टरबाईंच्या पगारावर घर चालले आणि काकांनी चूल हाती घेतली. भाकरी थापायचे, लेकीच्या दोन वेण्या घालायचे. बाया हसत. एकदा सिस्टरबाईंनी ओट्यावर ऐकवले, "माझ्या नवऱ्याची भाकरी फुगते. तुमच्यांना एक थापून दाखवू द्या, मग हसा."

सासूबाईंनी सांगितलेली एक गोष्ट सांगते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. माणसे गणपती बोळवून गाढ झोपलेली. किल्लारीला भूकंप झाला. आपल्या सोलापुरातही फळीवरची भांडी पडली. त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. जखमी इकडच्या दवाखान्यांतही येऊ लागले. सिस्टरबाईंची त्या दिवशी सुट्टी होती. बोलावणे यायच्या आधीच त्या पायांत चपला घालून बाहेर पडल्या. तीन दिवस घरी आल्या नाहीत. काका डबा पोहोचवीत. चौथ्या दिवशी आल्या, अंघोळ केली आणि लेकरांना दोन कुशींत घेऊन झोपून राहिल्या. सासूबाईंनी विचारले तेव्हा एवढेच बोलल्या, "आमच्या लेकीच्या वयाची पोर होती. तिचं कुणी उरलं नव्हतं. केसांत माती होती. धुऊन वेणी घालून आले."

आपल्या गावाला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा अभिमान आहे. ते १९३८ साली चीनला गेले, सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारले. सिस्टरबाई म्हणायच्या, "त्यांची बायको नर्स होती, हे किती जणांना ठाऊक आहे?" मला नव्हते. तुमच्यापैकी किती जणींना होते, ते मी विचारत नाही.

ह्या सभेतल्या निम्म्या जणींची लेकरे त्यांनी पहिल्यांदा पुसून आपल्या हातांत दिली आहेत. माझा थोरलासुद्धा. कुणाचे इंजेक्शन, कुणाचा ताप, कुणाच्या सासऱ्यांची शेवटची रात्र. कधी पैसा घेतला नाही. चहा मात्र आल्याचा लागे.

२०१८ च्या दिवाळीनंतर एका पहाटे त्या मोरीत पडल्या. तोंड वाकडे झाले होते, उजवा हात लुळा, बोलणे अडखळत होते. आम्हांला वाटले, पित्त असेल. मीच कोकमाचे सरबत करून नेले. दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर म्हणाले, अशा झटक्यात पहिले चार तास सोन्यासारखे. भगिनींनो, आजच्या भाषणातले दुसरे काही ध्यानात राहिले नाही तरी चालेल, एवढे ठेवा. तोंड एकीकडे ओढले, हात वर उचलेना, जीभ जड झाली, तर पाणीसुद्धा पाजू नका. घड्याळ बघा आणि दवाखान्यात न्या.

उजवे अंग आणि वाचा गेली. पावणेसात वर्षे त्या अंथरुणावर होत्या.

पहिल्या महिन्यात घर माणसांनी भरलेले असे. एक दिवस आम्ही चौघीपाचजणी खाटेभोवती उभ्या होतो. मी बोलून गेले, "ह्यापेक्षा सुटल्या असत्या तर बरं." सिस्टरबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. वाचा गेली होती, कान नव्हते गेले. समज तर मुळीच गेली नव्हती.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी जाऊन त्यांच्या पायांशी बसले. काय बोलावे सुचेना. त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड दोनदा वाजवली. काका म्हणाले, "कूस बदलायची वेळ झालीय. तुला सांगतेय ती." मी हात लावला तशी त्यांनी हात झिडकारला. आधी सांगायचे, मग हात लावायचा, हे मला तेव्हा कळले. "सिस्टरबाई, आता तुम्हांला डाव्या कुशीवर घेते हं," असे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. काम दिले, हीच त्यांची माफी.

मग त्यांनीच मला शिकवले, नुसत्या डोळ्यांनी आणि डाव्या हाताने. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. भरवताना डोके उंच, चमचा चांगल्या बाजूने, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि खाल्ल्यावर अर्धा तास निजवायचे नाही. चुकले की खाट वाजे. चाळीस वर्षे जे केले, ते त्या निजल्यानिजल्या करीतच होत्या.

काका रोज सकाळी त्यांची वेणी घालीत. लेकीला घालायचे तशीच, घट्ट. लेक पुण्याहून येई, लेक हैदराबादहून येई. "आईला आम्ही नेतो," दोघेही म्हणत. काका म्हणत, "तिच्या पगारावर मी इतकी वर्षं जेवलो. आता माझी पाळी."

आता मंडळापुढे एक गोष्ट कबूल करायची आहे. तिसऱ्या वर्षी काकांना ताप आला. दोन दिवस ते उठू शकले नाहीत. मी माहेरी लग्नाला गेले होते. पण वाड्यात सात बिऱ्हाडे आहेत. त्या दिवसांत मंडळाची भजनाची बैठकही त्याच बोळात झाली. दार लोटलेले दिसले, कुणी ढकलले नाही. काका सांगतात, दोन्ही रात्री खाट वाजत होती. सिस्टरबाईंच्या कमरेला जखम झाली. भरायला तीन महिने लागले. मी कुणा एकीला बोल लावीत नाही. मीही जाताना कुणाला सांगून गेले नव्हते. पहिल्या महिन्यात आपण सगळ्या जणी होतो, तिसऱ्या वर्षी एकही नव्हती. लांबलेल्या आजाराला पाहुणे उरत नाहीत.

तेराव्याला लेक आईचे कपाट आवरीत होती. म्हणाली, "लहानपणी आई सकाळी यायची, साडीला फिनेलचा वास. मी तोंड फिरवायची. आता सगळ्या साड्या हुंगून बघितल्या. धुऊन धुऊन गेला गं तो वास."

भगिनींनो, सिस्टरबाईंच्या नावाने तसबीर लावावी असे कमिटीत ठरले आहे. अवश्य लावा. पण माझी एक विनंती आहे. मंडळात एक वही घाला. पेठेत ज्या घरी कुणी अंथरुणाला खिळले आहे, ते घर तिच्यात लिहा. दर आठवड्याला दोघी जणींनी तिथे जावे. केळी घेऊन पाच मिनिटे उभे राहायला नव्हे. दोन तास बसायला, म्हणजे घरच्या माणसाला बाजारात जाता येईल, नाहीतर स्वस्थ झोपता येईल. आणि आजाऱ्याशी बोला, त्याच्याविषयी नको.

वहीत पहिले नाव माझे लिहा. वार कोणताही चालेल.

काका मागे दारापाशी उभे आहेत. त्यांना बसायला कुणी खुर्ची दिली तर बरे होईल.